पाटीवाली उजवीकडे

"कमानीकडे घ्या, जावईबापू, कमानीकडे," दादा मागच्या बाकावरून ओरडला. जावईबापूंनी नेहमीप्रमाणे वेग कमी केला, तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवलं आणि गाडी अगदी ठामपणे डावीकडे वळवली.

"अहो, कमान म्हणजे उजवीकडे," आक्का म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून तुम्हाला आमच्या घरातलं डावं-उजवं कळत नाही."

"तुमच्या घरातलं डावं-उजवं तुमच्या घरातच ठेवा. बाहेर त्याला डावं आणि उजवं म्हणतात," असं म्हणत जावईबापूंनी गाडी मागे घेतली. ती त्यांच्या बेकरीची पाव पोचवायची गाडी होती. मागे लोखंडी ट्रे खडखडले आणि वहिनीच्या मांडीवरचा उकडलेल्या अंड्यांचा डबा घसरला. तिनं तो वरच्यावर झेलला.

त्या बिचाऱ्यांचं तरी काय चुकलं? पावाची भट्टी चालवणारा सरळ माणूस. पण पडला फोटोवाल्यांच्या घरचा जावई, आणि या घरात दिशा दोनच होत्या, पाटीवाली आणि कमान. दोन्ही आल्या होत्या स्टुडिओतल्या पडद्यावरून. दादाच्या वडिलांनी, अप्पांनी, तरुणपणी स्वतःच्या हातानं रंगवलेला भिंतभर पडदा, त्यावर वाळवंटातले तीन दगड. डावीकडे बारीक मानेचा उंच दगड, डोक्यावर सपाट शिळा तोलून उभा, ती पाटीवाली. मध्ये ढेरपोट्या. उजवीकडे आरपार भोक पडलेली कमान. अप्पा कॅमेऱ्यामागून सांगायचे, "जरा पाटीवालीकडे सरका, हनुवटी कमानीकडे." गिऱ्हाईक गोंधळून मागे वळून बघायचं आणि फोटो हलायचा. घरातल्या पोरांना मात्र हे बोलायला लागायच्या आधी कळायचं. दादा आणि आक्का लहानपणी भांडले, की एकमेकांच्या कमानीकडच्या कानाखाली वाजवायच्या धमक्या द्यायचे. वहिनी लग्न होऊन आली, तेव्हा सासऱ्यांनी तिला पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "मीठ पाटीवालीकडच्या फळीवर आहे." तिनं दुपारपर्यंत मीठ शोधलं आणि शेवटी सगळ्यांना अळणी जेवायला घातलं.

आता अप्पा नव्हते. पडदा होता, आणि त्याच्यावरूनच तर आज एवढी रणधुमाळी चालली होती.

निघाले होते सगळे आक्काच्या लेकीचं बाळ बघायला. पण महिन्यापूर्वी एक ट्रकवाला लायसन्सच्या फोटोसाठी स्टुडिओत आला, स्टुलावर बसायचं सोडून पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे दगड मी बघितलेत की. वाळवंटातल्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीच्या पुढे." दादानं त्या आनंदात त्याच्याकडून पैसेच घेतले नाहीत. घरी येऊन त्यानं जेवणाच्या टेबलावर ही बातमी सांगितली, तेव्हा त्याची मुलगी, घरातली छकुली, शांतपणे म्हणाली, "ट्रकवाल्यानं थाप मारली असेल. अप्पांसारखीच."

छकुली आता चांगली घोड्याएवढी झाली होती, या नावावर भयंकर चिडायची, आणि स्टुडिओ यापुढे तिनंच चालवायचा हे ठरलेलं होतं. तिला तिथं पांढरी भिंत हवी होती. नुसती पांढरी. दगड नकोत, वाळवंट नको आणि ढेरपोट्याच्या पायाशी बसलेला तो अंगठ्याएवढा माणूसही नको. तो माणूस म्हणजे स्वतः अप्पा. पांढरा शर्ट, एक हात छातीवरच्या खिशावर, ऐटीत बसलेले. त्यांची गोष्ट अशी, की ते एका ट्रकमधून त्या दगडांपर्यंत गेले, ड्रायव्हरच्या हातात कॅमेरा दिला, फोटो काढून घेतला आणि त्या फोटोवरून पडदा रंगवला. मूळ फोटो कुठे आहे? तो म्हणे रंगवता रंगवता रंगाच्या डब्यात पडला. अप्पांच्या सगळ्याच गोष्टी अशा असायच्या. एका गोष्टीत त्यांनी बुडती बोट वाचवली होती. दुसरीत एका राणीचा फोटो काढला होता. कुठली राणी, असं विचारलं की त्यांना खोकल्याची उबळ यायची.

तर त्या रात्री टेबलावर पैज ठरली. दगड खरोखर निघाले, तर पडदा जागचा हलणार नाही. अप्पांची थाप निघाली, तर पडदा गुंडाळायचा आणि भिंत पांढरी. आक्का लगेच पुतणीच्या बाजूनं झाली, कारण वडिलांच्या थापांवर तिचा लहानपणापासून दात होता. जावईबापू दादाच्या बाजूनं झाले, कारण आक्का दुसऱ्या बाजूला होती. सगळे वहिनीकडे बघायला लागले, आणि वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "मला विचाराल तर पांढरीच बरी. धूळ तरी दिसते."

खरं तेच बोलली होती. पडदा झटकायचा तिनं, उसवला की शिवायचा तिनं, मागच्या उंदरांशी बोलाचाली करायची तिनं. पण दादा त्या रात्री पाठ करून झोपला आणि सकाळच्या चहापर्यंत एक अक्षर बोलला नाही. तेव्हा तिला कळलं की नवऱ्यानं पैज कापडावर लावलेलीच नाही. अख्खं गाव ज्यांना प्रेमानं थापाड्या म्हणायचं, ते आपले वडील निदान एकदा खरं बोलले होते, एवढंच त्याला हवं होतं. आणि हे कळल्यापासून तिला आपलं मत मागे घ्यावंसं वाटत होतं, पण घेणार कसं? आता दगडच काय ते ठरवणार होते.

पाण्याची टाकी मागे पडली. पुढच्या सीटवर जावईबापूंच्या शेजारी बसलेल्या माईनं, म्हणजे दादाच्या आईनं, काचेवर बोट टेकवलं.

"ते बघा," ती म्हणाली.

दादा बाकावरून एवढ्या झटक्यात उठला की त्याचं डोकं टपाला आपटलं. पण त्याला त्याचं काही नव्हतं. लांब वाळूत तीन दगड उभे होते. उंच बारीक मानेची पाटीवाली. ढेरपोट्या. कमान, तिच्या भोकातून आरपार आभाळ.

"आहेत," दादा म्हणाला. "अगं, आहेत. छकुले, आहेत."

त्याचा आवाज चिरकला. वहिनीनं त्याचा हात धरला आणि त्यानं तो धरू दिला.  जावईबापूंनी विजयी मुद्रेनं हॉर्न वाजवला आणि गाडी रस्त्याच्या कडेला, दगडांकडे पाठ करून, उभी केली. सगळे भराभरा उतरले. छकुली सगळ्यांच्या पुढे गेली, तिनं मोबाईलवर पडद्याचा फोटो उघडून समोर धरला, एकदा मोबाईलकडे बघितलं, एकदा दगडांकडे.

"बाबा," ती म्हणाली, "पाटीवाली उजवीकडे आहे."

"हं?"

"कमान डावीकडे. पाटीवाली उजवीकडे. सगळं उलट आहे."

दादानं मोबाईल तिच्या हातातून घेतला. बघितलं. चष्मा पुसला. आक्काचं चष्म्यांचं दुकान होतं, तो चष्मा तिनंच बनवून दिलेला, त्यामुळे दोष तिथं ढकलायची सोय नव्हती. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"आपण मागच्या बाजूला आलोय," तो म्हणाला. "सोपं आहे. अप्पा पलीकडे उभे होते. तिकडून बघितलं की क्रम बरोबर येईल. चला."

"एवढ्या उन्हात?" आक्का म्हणाली.

"तू बस हवं तर. हरायची भीती असेल तर."

यावर आक्का सगळ्यांच्या आधी निघाली. माईनं मात्र गाडीचं दार उघडं ठेवून सीटवरच पाय लांब केले आणि वहिनीच्या डब्यातलं एक अंडं सोलायला घेतलं. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "ते दगड काही पळून जात नाहीत, आणि माझे गुडघे काही मागे लागत नाहीत."

दगड लांबून जितके जवळ वाटत होते तितके ते जवळ नव्हते. वाळू बुटात शिरत होती. जावईबापू दर थोड्या वेळानं थांबून बूट रिकामा करत होते आणि प्रत्येक वेळी, एवढ्या वाळूवर किती शेंगदाणे भाजून निघतील, याचा अंदाज सांगत होते. आक्का आणि छकुली हातात हात घालून पुढे चालल्या होत्या आणि त्यांचं काहीतरी खुसुखुसू चाललं होतं. दादा सगळ्यांच्या मध्ये, गळ्यात कॅमेरा, मान वर. वहिनी त्याच्या मागोमाग. त्याची मान अशी ताठ असली की समजायचं, आतून माणूस घाबरलेला आहे.

वळसा घालून ते पलीकडे पोचले. सगळ्यांनी एकदम वळून बघितलं.

क्रम बरोबर होता. पाटीवाली डावीकडे, कमान उजवीकडे. पण ती पाटीवाली कसली? या बाजूनं तिला खालपासून वरपर्यंत मातीचा उतार चिकटलेला होता, मान दिसतच नव्हती, कोणीतरी गोधडी पांघरून उभं असावं तशी ती दिसत होती. ढेरपोट्याचं पोट सपाट. आणि कमान वाळूत कपाळापर्यंत बुडालेली.

 मग छकुलीनं आवाज शक्य तेवढा मऊ करून म्हटलं, "बाबा, तिकडून आकार जुळतात, पण क्रम उलटा. इकडून क्रम जुळतो, पण आकार नाही."

"दिसतंय मला," दादा म्हणाला.

"म्हणजे काय झालं ते सांगू?" आक्का म्हणाली. "अप्पांनी कुठेतरी या दगडांचं चित्र बघितलं. कॅलेंडरवर, एखाद्या डब्यावर, कुठेही. ते आठवून आठवून काढलं, आणि आठवणीत उलटं झालं. ते इथं आलेच नव्हते. मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते दादा, स्वतःच्या डोळ्यांनी बघणारा माणूस एवढी चूक करत नाही."

"अप्पा बाकी काहीही करतील, कामात चूक नाही करणार," दादा म्हणाला. "मी शाळेत असताना एकदा निगेटिव्ह उलटी घालून फोटो छापला. आठवतंय तुला? काय म्हणाले होते? 'उलटी घातलीस, आता उलटा चालत घरी जा.' स्टुडिओपासून घरापर्यंत मला उलटं चालायला लावलं. सगळी गल्ली हसत होती. असा माणूस दगड चुकीच्या जागी काढेल?"

"काढलेच ना."

 दादानं गळ्यातला कॅमेरा उगाच वर घेतला, डोळ्याला लावला, आणि न काढता खाली सोडला. "ठीक आहे," तो म्हणाला. "पैज म्हणजे पैज. पांढरी भिंत. छकुले, रंग मात्र चांगला घे, चुन्यासारखा नको." आणि हसला. ते हसू इतकं वाईट जमलं होतं की छकुलीचाच चेहरा पडला. जिंकलेलं माणूस इतकं हिरमुसलेलं वहिनीनं आजवर बघितलं नव्हतं.

परतताना सगळ्यांच्या जागा बदलल्या. छकुली आता बापाच्या शेजारून चालत होती आणि पडदा फेकायचा नाही, नीट गुंडाळून माळ्यावर ठेवू, असं काहीबाही सांगत होती. आक्का एकटी पडली होती. थोड्या वेळानं तीही म्हणाली, "चित्र मात्र छान काढलं होतं हं त्यांनी. न बघता काढलं म्हणजे आणखीच छान." ही तिची माफी होती, आणि आक्काकडून याच्यापेक्षा जास्त कोणाला कधी मिळालेली नव्हती. जावईबापूंनी बूट हातातच घेतले होते.

गाडीपाशी माईनं सगळ्यांसाठी थर्मासमधला चहा ओतून ठेवला होता. "काय, सापडलं का?" तिनं विचारलं.

"नाही माई," दादा म्हणाला.

माई काहीतरी बोलायला गेली. पण दादा चहा घेऊन लांब रस्त्याच्या कडेला जाऊन बसला, दगडांकडे पाठ करून, आणि तिनं तोंड मिटलं.

वहिनीनं त्याची ती वाकलेली पाठ बघितली आणि तिला स्वतःचाच राग आला. धूळ म्हणे दिसते. काय मोठी धूळ होती? वर्षातून दोनदा झटकायचा तो पडदा, त्यासाठी माणसाचं मन मोडायचं? त्याच पडद्यापुढे त्यांच्या लग्नाचा फोटो निघाला होता, अप्पांनी काढलेला. ते दोघं एकत्र असलेला तो एकच फोटो. त्यानंतर सगळ्या फोटोंत ती होती, लेक होती, नणंद होती, कोणाकोणाची बाळं होती, आणि दादा नव्हता, कारण दादा कॅमेऱ्यामागे होता. फार तर खाली कोपऱ्यात त्याची सावली. छकुली लहान असताना कोणी विचारलं की बाबा कुठे आहेत, तर ती फोटोतल्या सावलीवर बोट ठेवायची.

वाऱ्यानं तिच्या केसांचं पार शिप्तर करून टाकलं होतं. ते बांधायला ती गाडीच्या बाजूच्या आरशापुढे गेली. पाव पोचवायच्या गाडीचा आरसा तो, चांगला परातीएवढा. पिन दातांत धरून तिनं केस वर घेतले, मान जराशी बाजूला केली, आणि खांद्यावरून मागे तिला पडदा दिसला.

आरशात पडदा होता. डावीकडे बारीक मानेची पाटीवाली. मध्ये ढेरपोट्या, पोटासकट. उजवीकडे कमान, तिच्यातून आरपार आभाळ. पाटीवालीच्या मानेवरची ती भेग, जी कापडावर तिनं दर वर्षी ओल्या फडक्यानं पुसली होती, तीसुद्धा जागच्या जागी. तिच्या दातांतली पिन खाली पडली.

ती वळली. मागे दगड उलटे. पुन्हा आरशात बघितलं. आरशात सुलटे.

आत्ता गप्प बसलं, तर भिंत पांढरी. ना धूळ, ना शिवण, ना उंदीर. हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही, पण पुरता बसायच्या आतच तिनं त्याला हाकललं होतं.

"अहो," तिनं हाक मारली. "जरा इकडे या."

"काय आहे?"

"या तर. चहा ठेवा आणि या. इथं माझ्या जागी उभे राहा आणि आरशात बघा."

दादा कुरकुरत आला, तिच्या जागी उभा राहिला आणि त्यानं आरशात बघितलं. वहिनी आरशाकडे बघतच नव्हती, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आधी काहीच झालं नाही. मग त्याचे ओठ हलले, आणि मग त्यानं अगदी हळू, देवळात बोलावं तसं म्हटलं, "उलटी घातली."

"कोणी? काय?" आक्का धावत आली.

"अप्पांनी. निगेटिव्ह." दादाला आता हसू आवरेना. "छापताना उलटी घातली, डाव्याचं उजवं झालं, आणि तसाच पडदा रंगवला. अगं, मला गल्लीभर उलटं चालवलं या माणसानं, आणि स्वतः भिंतभर उलटं रंगवून त्याच्यापुढे जन्मभर उभा राहिला."

छकुली आरशाला नाक लावून बघत होती, मोबाईल शेजारी धरून. "जुळतंय," ती म्हणाली. "बाबा, भेगसुद्धा जुळतेय."

"थांबा, थांबा," आक्का म्हणाली. ती सहजासहजी हात टेकणारी नव्हती. "चित्र उलटं आहे, हे मान्य. पण कॅलेंडरवरचं चित्र उलटं छापलेलं असू शकतं. यानं अप्पा इथं आले होते हे कसं काय ठरतं?"

मुद्दा बिनतोड होता. दादाचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"खिसा," माई सीटवरून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. माई अंड्याची टरफलं रुमालात गोळा करत होती.

"पडद्यावरच्या माणसाचा खिसा कुठल्या बाजूला आहे?" तिनं विचारलं.

घरातला एकही माणूस असा नव्हता ज्यानं तो अंगठ्याएवढा माणूस हजार वेळा बघितला नव्हता, आणि एकालाही सांगता येईना. छकुलीनं मोबाईलवर चित्र मोठं केलं. "उजव्या छातीवर," ती म्हणाली.

"त्यांचे शर्ट मी शिवायचे," माई म्हणाली. "लग्नाआधी त्यांच्या आईनं शिवलेलेही मी उसवून बघितलेत. खिसा नेहमी डावीकडे. मी हा पडदा पहिल्यांदा बघितला ना, तेव्हाच मनात म्हटलं, यांचा फोटो उलटा छापलाय. आठवणीतून स्वतःला काढलं असतं, किंवा नुसती थाप मारायची असती, तर खिसा बरोबर जागी काढला असता त्यांनी. थापेत तो माणूस कधी चुकत नव्हता. खरं सांगतानाच घोटाळे करायचा."

 आक्कानं एकदा ढेरपोट्याच्या पायाशी असलेल्या सावलीच्या तुकड्याकडे बघितलं, जिथं कोणे एके काळी एक तरुण पोरगा छातीवर हात ठेवून बसला होता. "बसले होते तर," ती म्हणाली आणि तिनं चष्मा काढून पुसायला घेतला. तो अजिबात मळलेला नव्हता.

"माई," दादा म्हणाला, "तुला माहीत होतं? आणि त्यांना कधी सांगितलं नाहीस?"

"सांगून? त्यांनी दुसऱ्या दिवशी पडदा उतरवून पुन्हा रंगवायला घेतला असता. पहिल्या वेळी वर्षभर स्वयंपाकघरात रंगाचे डबे होते म्हणे, ते त्यांच्या आईनं सोसलं. मी नसतं सोसलं."

"मग मला तरी सांगायचं. पैज लागली तेव्हा. मी महिनाभर झोपलो नाही नीट."

माईनं रुमालाची गाठ मारली. "तेव्हाच सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मला इथं फिरायला कोणी आणलं असतं? आत्ता सांगणार होते, तर तू रुसून लांब जाऊन बसलास. म्हटलं, चहा तरी पिऊ द्यावा."

जावईबापू पहिल्यांदा हसले, मग सगळेच. दादा इतका हसला की गाडीला टेकला. वहिनीनं बघितलं, तो डोळेही पुसत होता, पण ते हसण्यात खपून गेलं, आणि तिनंही ते खपू दिलं.

"चला, उभे राहा सगळे," दादा म्हणाला आणि सवयीनं मागे मागे जायला लागला, कॅमेरा डोळ्याला. "माई मध्ये. आक्का, तू पाटीवालीकडे. म्हणजे, नाही, इथं पाटीवाली... थांबा."

"बाबा," छकुली म्हणाली, "तू परत मागे चाललास."

"मग फोटो कोण काढणार?"

"तूच काढ. पण इकडे ये." तिनं बापाचा दंड धरून त्याला आरशापुढे आणून उभं केलं. "आरशाचा काढ. सगळे तुझ्या मागे दाटीवाटीनं येतील, त्यांच्या मागे दगड. तूही येशील आणि दगड आपल्या पडद्यावरचे येतील. आणि कॅमेरा डोळ्याला लावू नकोस, छातीशी धर. चेहरा दिसू दे तुझा."

"न बघता?" दादा हादरलाच. "न बघता मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही."

"मग आज काढा," वहिनी म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. माईला दोघांनी धरून आणलं. आक्का एका बाजूनं घुसली, जावईबापू दुसऱ्या बाजूनं, बूट अजून हातातच. छकुली सगळ्यांच्या पुढे खाली वाकली. आरशात सहा डोकी, आणि त्यांच्या वर पाटीवाली, ढेरपोट्या, कमान, अप्पांनी रंगवले तसे. दादानं कॅमेरा छातीशी धरला. डाव्या बाजूला, खिशावर. आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो जरासा लाजला. पण त्यानं बटण दाबलं.

"पडदा राहणार," छकुली उठता उठता म्हणाली. "बाळाचा पहिला फोटो त्याच्यापुढेच काढू."

"मी म्हणत होतो, आता कळलंच आहे तर दुरुस्त करून घेऊ," दादा म्हणाला. "निदान खिसा तरी."

"हात लावून बघ," छकुली म्हणाली. "पैज हरलेय मी, स्टुडिओ नाही हरले. खिसा आहे तिथंच राहील."

दादानं एकवार दगडांकडे बघितलं, मग बुटाची नाडी बांधावी तितक्या सहजपणे पाठ फिरवली आणि गाडीच्या मागच्या दाराकडे उलटा चालायला लागला.

"अहो, हे काय?" वहिनीनं विचारलं.

"अप्पांची शिक्षा राहिली होती," दादा म्हणाला. "त्यांनी उलटी घातली. कोणीतरी चालायला नको?"

आक्का काही न बोलता वळली आणि भावाच्या शेजारी उलटी चालायला लागली. मग छकुली. मग माईनं वहिनीचा हात धरला आणि म्हणाली, "सूनबाई, मला धर, मीही येते," आणि दोघी हसत, अडखळत, वाळूत एकेक पाऊल मागे टाकत निघाल्या. वहिनीला समोर आरशातले दगड दिसत होते, लांब लांब जाताना, आणि ढेरपोट्याच्या पायाशी ती रिकामी जागा. ती काही पाया पडणाऱ्यांतली नव्हती, पण तिनं त्या जागेकडे बघून मान लववली. धूळ तर धूळ, झटकू.

गाडी सुरू झाली. पुढे रस्त्याला फाटा आला आणि जावईबापूंनी वेग कमी केला.

"कमानीकडे घ्या," दादा मागून म्हणाला.

जावईबापूंनी गाडी पूर्ण थांबवली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळून अख्ख्या सासरवाडीकडे बघितलं.

"खऱ्या," त्यांनी विचारलं, "की अप्पांच्या?"

"अप्पांच्या," सगळे एकदम म्हणाले.

आणि जावईबापू पहिल्याच फटक्यात बरोबर वळले.